सहा गुण कुणीच दिले नव्हते

ऑक्टोबर २००६ मध्ये नेटफ्लिक्सने दहा लाख डॉलरची पैज लावली. त्या काळी ही कंपनी टपालाने घरोघर डीव्हीडी पाठवायची. कुठल्या ग्राहकाला कुठला चित्रपट आवडेल याचा अंदाज बांधणारी ‘सिनेमॅच’ नावाची यंत्रणा तिच्याकडे होती. तिच्याहून दहा टक्के अचूक अंदाज जो देईल त्याला बक्षीस. त्यासाठी कंपनीने ४ लाख ८० हजार ग्राहकांनी १७,७७० चित्रपटांना दिलेल्या दहा कोटींहून जास्त नोंदी, ग्राहकांची नावं काढून, सगळ्यांपुढे ठेवल्या. जगभरचे गणिती आणि संगणकवाले कामाला लागले. पहिल्या वर्षातच आठ टक्क्यांची मजल झाली. उरलेल्या दीड-दोन टक्क्यांसाठी मात्र जुलै २००९ उजाडला. तेव्हाही दोन संघांचे आकडे तंतोतंत जुळले, आणि वीस मिनिटं आधी उत्तर पाठवणाऱ्यांना बक्षीस मिळालं.

या शेवटच्या चढावर स्पर्धकांना छळणाऱ्या चित्रपटांत एक नाव पुन्हा पुन्हा येई: ‘नेपोलियन डायनामाइट’. सुमारे चार लाख डॉलरमध्ये उरकलेला, २००४ चा छोटा विनोदी चित्रपट. त्याला पाच किंवा एकच तारा देणाऱ्यांचं प्रमाण भलतंच जास्त होतं. बरं, त्याच माणसांच्या इतर आवडीनिवडींवरून कोण कुठे जाईल हेही कळेना. दोन माणसांची शंभर चित्रपटांवरची मतं जुळायची आणि या एकावर फाटायची.

चूक मोजायची रीत इथे नडत होती. प्रत्येक चुकीचा वर्ग करून बेरीज धरली जायची. यंत्राने तीन तारे सांगितले आणि माणसाने एक किंवा पाच दिले, तर चूक दोनची, वर्ग चार. म्हणजे एका ताऱ्याने हुकलेल्या चार अंदाजांइतका फटका या एकाच अंदाजाने बसतो. सगळ्यांना ‘बरा’ वाटणारा चित्रपट यंत्राला सोपा जातो. लोकांत भांडणं लावणारा चित्रपट त्याचं गणित विस्कटतो.

मला या पैजेतला हा तपशील बक्षिसापेक्षा मोलाचा वाटतो, कारण आपण आजही चित्रपट त्याच मोडक्या काट्यावर तोलतो. एक साधा हिशोब करू. दोन चित्रपट, प्रत्येकी हजार प्रेक्षक, दहापैकी गुण. पहिल्याला अडीचशे जणांनी पाच, पाचशेंनी सहा, अडीचशेंनी सात दिले. सरासरी सहा. दुसऱ्याला पाचशेंनी दहा दिले, पाचशेंनी दोन. सरासरी पुन्हा सहाच. तिकिटाच्या ॲपवर दोघांसमोर एकच आकडा झळकेल. पण दुसऱ्या चित्रपटाला सहा गुण कुणीच दिलेले नाहीत. ‘सहाचा आहे, ठीकठाक असेल’ म्हणून जो जाईल त्याची फसगत ठरलेली; फक्त ती कोणत्या बाजूने होईल एवढंच बाकी.

टक्केवारी लावली तर वेगळाच घोळ. समीक्षकांची परीक्षणं गोळा करणाऱ्या रॉटन टोमॅटोज या संकेतस्थळावर दिसणारा मोठा आकडा गुणांचा नसतो. किती टक्के परीक्षणं अनुकूल आहेत, एवढंच तो सांगतो. सगळ्या समीक्षकांनी ‘बरा आहे हो’ म्हटलं तरी शंभर टक्के. अर्ध्यांनी ‘दशकातला सर्वोत्तम’ म्हटलं आणि अर्ध्यांनी नाकं मुरडली तर पन्नास, आणि साठच्या खाली गेलेला चित्रपट तिथे थेट ‘सडका’ ठरतो. या काट्यावर मिळमिळीत चित्रपट नेहमीच वरचढ. निर्मात्यांना ही गोष्ट समीक्षकांच्या आधी कळलेली आहे, हे सांगायला नको.

आता लोक इतके टोकाला का जातात? ‘आवड ज्याची त्याची’ हे उत्तर अर्धवट आहे. आवडीनिवडी तर सगळ्याच चित्रपटांच्या बाबतीत वेगळ्या असतात, तरी बहुतेक चित्रपटांवर लोक पाच ते सातच्या पट्ट्यात गोळा होतात. ते का, हे आधी बघायला हवं. कारण बहुतेक चित्रपट प्रेक्षकाला सतत खुणा देत असतात. विनोद झाला की कॅमेरा समोरच्याच्या वासलेल्या तोंडावर जातो, मागे वाद्यावर एक ‘टुंग’ वाजतं, आणि संकलक हसण्यापुरती जागा सोडतो. दुःख आलं की व्हायोलिनं. खलनायक आला की खर्जातला घुमारा. इथे हसा, इथे रडा, इथे मुठी आवळा, अशा पाट्या रस्त्यावर ठोकलेल्या असतात. त्यांत गैर काही नाही, उत्तम चित्रपटही पाट्या लावतात. पण त्यांच्यामुळे सगळे एकाच रस्त्याने जातात आणि मतं जवळजवळ राहतात.

‘नेपोलियन डायनामाइट’मध्ये या पाट्या काढून टाकल्या आहेत. आयडाहोतल्या एका गावातला घुम्या पोरगा शाळेच्या डब्यातले बटाट्याचे तळलेले गोळे पँटच्या खिशात भरतो आणि वर्गात बसून एकेक काढून खातो. कॅमेरा हलत नाही. कुणी दचकत नाही. संगीत काही सुचवत नाही. पोरगा डोळे अर्धवट मिटूनच बोलतो. हे विनोदी आहे असं कुणीच सांगत नसल्यामुळे ज्याला हसू फुटतं त्याला ते स्वतःला सापडल्यासारखं वाटतं, आणि स्वतःला सापडलेल्या गोष्टीवर माणूस जीव टाकतो. ज्याला हसू येत नाही, त्याच्यापुढे दीड तास एक वेंधळा मुलगा इकडून तिकडे चालत असतो, आणि शेजारची खुर्ची मात्र हसून हसून हलत असते.

तिरस्काराची खरी ठिणगी त्या शेजारच्या खुर्चीत आहे. सगळ्यांनी नावं ठेवलेल्या टुकार चित्रपटावर कुणी रागावत नाही. त्याची टिंगल करण्यात तर मजा असते. राग येतो तो ज्याची वाहवा चाललीय आणि आपल्याला त्यात काही दिसत नाही त्याचा. आपण मठ्ठ आहोत की हे लोक ढोंगी आहेत, या दोनांतून निवड करायची झाली की माणूस दुसरं निवडतो. मग समोरचा पक्ष म्हणतो, ‘तुला कळलाच नाही.’ या वाक्याने जितके प्रेक्षक कायमचे शत्रू केलेत तितके कुठल्याही दिग्दर्शकाने केले नसतील.

मराठीत याचं सगळ्यात नितळ उदाहरण म्हणजे चैतन्य ताम्हाणेचा ‘कोर्ट’, एका लोकशाहिरावरच्या खटल्याची गोष्ट. व्हेनिसला पारितोषिकं, सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार, ऑस्करसाठी भारताची निवड. आणि घरी परतलेल्या कित्येकांचं मत एका शब्दात: बोअर. दोन्ही मतांच्या लोकांना विचारा, ते एकाच गोष्टीकडे बोट दाखवतील. कॅमेरा लांब उभा राहतो, हलत नाही, आणि प्रसंग संपला तरी थांबून राहतो. सरकारी वकील कलमांमागून कलमं एका सुरात वाचते. बिनबाह्यांचा पोशाख घातलाय म्हणून न्यायाधीश एका बाईचं प्रकरण त्या दिवशी ऐकायलाच नकार देतो. या प्रसंगावर ना संगीत, ना कुणाचा उद्वेगाने भरलेला चेहरा. आपल्या नेहमीच्या चित्रपटात इथे कॅमेरा हळूहळू त्या बाईच्या डोळ्यांकडे गेला असता. इथे पुढचं प्रकरण पुकारतात.

आणि तो शेवट. कोर्टाला सुट्टी लागते, माणसं बाहेर पडतात, दिवे बंद होतात, पडदा पूर्ण काळा होतो. बराच वेळ काळाच राहतो. चित्रपट संपला असं वाटावं अशीच ती जागा आहे. पण मग उजेड होतो, आणि न्यायाधीश नातेवाइकांबरोबर सहलीला गेलेला दिसतो. रिसॉर्टच्या बाकावर त्याला डुलकी लागते, पोरं गंमत म्हणून त्याला ओरडून दचकवतात, तो हाताला लागलेल्या एका मुलाला थप्पड मारतो आणि पुन्हा डोळे मिटतो. एवढंच. या थपडेत ज्याला मघाच्या दोन तासांचा निकाल दिसला तो चित्रपटाचा कायमचा भक्त झाला. ज्याला दिसला नाही त्याच्या लेखी एक म्हातारा बाकावर झोपला आणि पैसे बुडाले. प्रसंग तोच, फ्रेम तीच.

यावरून एक कसोटी निघते, आणि ती बऱ्यापैकी चालते. ‘अर्ध्या लोकांना कळला नाही म्हणजे दिग्दर्शक चुकला’ असा आक्षेप नेहमी येतो, आणि अनेकदा तो खराही असतो. खुणा मुद्दाम न देणं वेगळं आणि खुणा देताच न येणं वेगळं. फरक ओळखायचा असेल तर भक्त आणि वैरी दोघांना विचारावं, कोणत्या प्रसंगाने तुमचं मत ठरलं? दोघांनी एकाच जागेवर बोट ठेवलं, तर चित्रपटाने जे करायचं ठरवलं ते केलंय. पटणं न पटणं पुढचं. वैरी दहा वेगळ्या जागा दाखवत असतील आणि भक्तांना ‘एकूण फील भारी आहे’ यापलीकडे काही सांगता येत नसेल, तर चित्रपट बहुधा नुसताच फसलेला आहे. समांतर म्हणून गौरवलेले काही चित्रपट या कसोटीत टिकणार नाहीत. नावं घेत नाही.

खुणांइतकंच जबाबदार असतं ते चित्रपटाने दाराबाहेर दिलेलं वचन. पोस्टर, ट्रेलर, गाणं, प्रदर्शनाची तारीख, ही सगळी मिळून एक बोली ठरते. प्रेक्षक त्या बोलीवर पैसे मोजतो. चौघांचं कुटुंब, पार्किंग, पॉपकॉर्न, हजार-दीड हजार सहज जातात. आणि आत वेगळाच माल निघाला तर तो उत्तम आहे की वाईट हे बघण्याच्या मनःस्थितीत कुणी नसतं. अमेरिकेत सिनेमास्कोर ही संस्था १९७९ पासून पहिल्याच दिवशीच्या प्रेक्षकांकडून थिएटरबाहेर कार्डं भरून घेते आणि शाळेसारखी श्रेणी देते. तिथे सहसा मार्क सैल हाताने दिले जातात, कारण पहिल्या दिवशी जाणारे लोक मुळात उत्सुक असतात. तरीही २०१७ मध्ये डॅरेन ॲरोनोफ्स्कीच्या ‘मदर!’ला थेट एफ मिळाला, म्हणजे नापास. भयपट समजून लोक गेले, आत बायबलचं एक भीषण रूपक निघालं. समीक्षकांतल्या अनेकांनी तोच चित्रपट उचलून धरला होता. रूपक बघायचं म्हणून आलेल्यांच्या हातात ती कार्डं दिली असती तर एफ आला नसता, एवढं मी पैजेवर सांगतो.

नागराज मंजुळेंचा ‘फँड्री’ १४ फेब्रुवारी २०१४ ला, म्हणजे व्हॅलेंटाइन डेला आला. त्याआधी अजय-अतुलचं प्रेमाच्या विंचवाचं गाणं गावोगाव वाजत होतं. ते प्रसिद्धीसाठी केलेलं, चित्रपटात नाहीच. गोड शाळकरी प्रेमकथा बघायला शिरलेल्या माणसासमोर काय येतं? शाळकरी नायक जब्याचं कुटुंब डुक्कर पकडायला धावतंय, शाळेची पोरं वर बसून खिदळतायत, आणि डुक्कर हाताशी आलेलं असताना शाळेतून राष्ट्रगीत सुरू होतं. घामेजलेलं कुटुंब जागच्या जागी ताठ उभं राहतं. डुक्कर निघून जातं. हसायचं की मान खाली घालायची, हे पडद्यावरून कुणी सांगत नाही. शेवटी जब्याने भिरकावलेला दगड थेट कॅमेऱ्याकडे, म्हणजे तिकीट काढून बसलेल्याकडे येतो. आता ही बोली मोडणं फसवणूक होती की चित्रपटाचाच भाग? माझं मत दुसऱ्या बाजूला झुकतं: ‘जातीवरचा चित्रपट’ अशी पाटी लावली असती तर ज्यांना तो दगड लागायला हवा ते आलेच नसते. पण याची किंमत असते. गाण्यावर भाळून आलेला आणि चिडून गेलेला माणूस पुढच्या वेळी सावध होतो, आणि त्याचा फटका भलत्याच चित्रपटाला बसतो.

दोन वर्षांनी ‘सैराट’मध्ये मंजुळेंनी हीच बोली चित्रपटाच्या पोटात नेली, आणि ही युक्ती मला जास्त मोठी वाटते. आधी ‘झिंगाट’, करमाळ्याकडची हिरवीगार रानं, बुलेटवरची आर्ची, हॉलिवूडच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित केलेला सिम्फनी वाद्यवृंद. जेवढ्या म्हणून पाट्या व्यावसायिक चित्रपट लावतो तेवढ्या सगळ्या. लोक थिएटरात नाचले. मग हैदराबादेत त्या पाट्या एकेक करून उतरवल्या जातात, गाणी थांबतात, घरातली कुरबुर सुरू होते. शेवटी माहेरची माणसं भेटी घेऊन येतात, आर्ची चहा करते. आणि नंतर शेजारणीकडून परतलेलं मूल रक्तात भरलेली पावलं उमटवत दाराबाहेर जातं, तेव्हा आवाजच नसतो. जवळजवळ तीन तासांच्या चित्रपटात ज्याने सगळ्यात जास्त वाजवलं, त्यानेच शेवटी सगळं बंद केलं. ‘दुसरा भाग लांबला’, ‘शेवट असा कशाला’ म्हणणारे आणि शेवटानंतर खुर्चीतून उठू न शकलेले, दोघेही त्याच बदलाबद्दल बोलत होते. शंभर कोटींचा टप्पा ओलांडणारा तो पहिला मराठी चित्रपट ठरला, याचं एक कारण हेही आहे की त्याने आधी सगळ्यांना आत घेतलं आणि मग दार लावलं.

‘सैराट’वरच्या रागाचा एक भाग मात्र चित्रपटाबद्दल नव्हताच. कुणाच्या घरची मुलगी, कुणाच्या घरचा मुलगा, यावरून तो ठरला होता, आणि त्यासाठी चित्रपट पाहायची गरज नव्हती. हा राग, आणि त्याला उत्तर म्हणून केलेला जयजयकार, वरच्या चर्चेतून बाजूला काढला पाहिजे. अलीकडे राजकीय चित्रपटांवर जे रणकंदन होतं ते बहुतेक याच जातीचं: मत आधी, तिकीट नंतर, किंवा तिकीट नाहीच. आयएमडीबी या संकेतस्थळावर, जिथे प्रेक्षक चित्रपटांना दहापैकी गुण देतात, एकूण गुणांखाली प्रत्येक आकड्याला किती मतं पडली याचे उभे-आडवे पट्टे दिसतात. ते उघडून बघावेत. ‘एक’ या गुणावर उंच खांब, ‘दहा’वर दुसरा, आणि मध्ये ओसाड माळ असेल, तर ती बहुधा निवडणूक आहे, चित्रपटाचं मूल्यमापन नव्हे. खऱ्या दुफळीत उतार दिसतो: आठ-नऊवर एक टेकडी, दोन ते चारवर दुसरी, आणि मध्येही थोडी वस्ती. कारण चित्रपट पाहून चिडलेला माणूससुद्धा छायाचित्रणाचा एखादा गुण देतोच. आयएमडीबी सरळ सरासरी लावत नाही, मतांना वेगवेगळं वजन देते आणि संशयास्पद मतदान दिसलं तर हिशोबाची पद्धतच बदलते. तरीही वरचा एकटा आकडा फारसं काही सांगत नाही.

‘काळ न्याय करतो’ असं अशा चित्रपटांबद्दल म्हणायची प्रथा आहे. ‘कागज के फूल’ १९५९ मध्ये पडला, आज अभ्यासक्रमात आहे. ‘अंदाज अपना अपना’ १९९४ मध्ये आपटला, आज त्याचे संवाद पाठ असतात. काळाने यात काहीच केलेलं नाही. बदलला तो प्रेक्षक, म्हणजे कोण येतो ते बदललं. धो धो पावसात घडणारा ‘तुंबाड’ ऑक्टोबर २०१८ मध्ये भुताचा सिनेमा समजून लोकांनी पाहिला. त्यात भुतापेक्षा हाव मोठी निघाली. पुढची काही वर्षं तो घरोघर मोबाइलवर पाहिला गेला. सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा थिएटरात लागला तेव्हा आत बसलेल्यांना माल काय आहे ते पक्कं ठाऊक होतं, आणि त्याने पहिल्या वेळेपेक्षा जास्त गल्ला केला. चित्रपटातली एक फ्रेमही बदललेली नव्हती.

म्हणून हा प्रश्न रुचीइतकाच व्यवस्थेचाही आहे. एप्रिल २०१५ मध्ये राज्य सरकारने मल्टिप्लेक्सना प्राइम टाइममध्ये मराठी चित्रपट दाखवणं सक्तीचं केलं, त्यावर गदारोळ झाला आणि प्राइम टाइम दुपारी बारा ते रात्री नऊ असा ताणला गेला. ‘कोर्ट’ त्याच महिन्यात लागला. सगळा वाद चित्रपट किती वाजता दाखवायचा यावर झाला, किती आठवडे दाखवायचा या मुदतीवर कुणी बोललं नाही. दुफळी पाडणाऱ्या चित्रपटाला तीनशे पडदे एक आठवडा मिळाले, तर शुक्रवारच्या सरमिसळ गर्दीतले निम्मे रात्रीच व्हॉट्सॲपवर शिव्या घालतात, सोमवारी शो कापले जातात, आणि ज्यांनी तो डोक्यावर घेतला असता ते पुढच्या रविवारी येईपर्यंत तो उतरलेला असतो. तेच साठ पडदे पाच आठवडे दिले तर पडदा-आठवडे तेवढेच, तीनशे. पण आता बोलबाला योग्य माणसापर्यंत पोचायला वेळ मिळतो, आणि दुसऱ्या आठवड्यापासून येणारा माणूस ठरवून येतो. यात प्रदर्शकाचा पहिल्या आठवड्याचा गल्ला कमी होतो, हे खरं, आणि म्हणूनच कुणी आपणहून असं करत नाही. सक्ती करायचीच तर या मुदतीची करावी.

समित्यांचंही तेच. अनुदानासाठी असो की महोत्सवासाठी, सदस्यांच्या गुणांची सरासरी काढली की दोघांचे नव्वद आणि दोघांचे तीस मिळून साठ होतात, आणि चौघांच्या बासष्टपुढे तो चित्रपट हरतो. सरासरीच्या शेजारी सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा गुण छापायला एक ओळ पुरते.

नेटफ्लिक्सने २०१७ मध्ये तारे काढून टाकले आणि नुसता अंगठा ठेवला, वर किंवा खाली. पाच वर्षांनी दोन अंगठ्यांची सोय केली, कारण ‘आवडला’ आणि ‘जीव जडला’ यांतला फरक एका अंगठ्यात मावत नव्हता. आपली वृत्तपत्रं अजून साडेतीन ताऱ्यांवर आहेत. परीक्षकाला स्वतःला चित्रपट आवडला आणि वाचकांतल्या निम्म्यांना आवडणार नाही असं वाटलं की साडेतीन, स्वतःला आवडला नाही पण भीड पडली तरी साडेतीन. त्या जागी कोणता प्रसंग वाचकाला बसवेल किंवा उठवेल, एवढं लिहिलं तरी तिकीट काढणाऱ्याचं काम भागतं. ‘कोर्ट’पुरतं तर एकच वाक्य पुरलं असतं: दिवे गेले म्हणून उठू नका, अजून एक प्रसंग आहे.